अमेरिकेत वनस्पतिजन्य उत्तेजक सप्लिमेंट विकायचे तर : ७५ दिवसांची पूर्वसूचना, पात्रता आणि कागदपत्रे

ग्वाराना, कडू संत्रे, योहिम्बे, ग्रीन टीचा अर्क. वजन घटवणाऱ्या आणि व्यायामाआधी तरतरी आणणाऱ्या गोळ्यांच्या डब्यांवर ही नावे सर्रास दिसतात. असा माल अमेरिकेच्या बाजारात उतरवू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तिथल्या एफडीएची, म्हणजे अन्न व औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी कशी मिळवायची? तर अशी मंजुरी मुळात नसतेच. १९९४ च्या आहारपूरक कायद्याने सप्लिमेंटला, म्हणजेच आहारपूरकाला, अन्नाच्या वर्गात बसवले. त्यामुळे औषधाला लागते तशी विक्रीपूर्व परवानगी इथे लागत नाही. माल सुरक्षित आहे याची जबाबदारी मात्र उत्पादकावर आणि वितरकावर येते. घटक 'नवा' असेल, तर विक्रीआधी किमान ७५ दिवस एफडीएला पूर्वसूचना द्यावी लागते.

पूर्वसूचना कोणाला लागते

जो घटक १५ ऑक्टोबर १९९४ पूर्वी अमेरिकेत आहारपूरक म्हणून विकला जात नव्हता, तो नवा. तारखेइतकाच देशही महत्त्वाचा आहे. एखादी वनस्पती दुसऱ्या देशात शेकडो वर्षे वापरात असली, तरी तेवढ्याने ती अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने जुनी ठरत नाही. 'आमचा घटक जुना आहे' असे म्हणायचे असेल, तर त्या तारखेआधीची बिले, कॅटलॉग किंवा जाहिराती जपून ठेवा. आणखी एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. पान जुने असले, तरी नव्या द्रावकाने काढलेल्या त्याच्या अर्काची रासायनिक घडण बदलली, तर तो अर्क नवा घटक मानला जाऊ शकतो.

जो घटक अन्न म्हणून आधीपासून खाल्ला जातो आणि रासायनिक बदल न करता वापरला आहे, त्याला पूर्वसूचनेतून सूट आहे.

कोणता घटक पात्रच नाही

वनस्पती, तिचा अर्क किंवा तिच्यातले एखादे द्रव्य पोटात घेण्यासाठी असेल, तरच ते या चौकटीत बसते. प्रयोगशाळेत बनवलेल्या उत्तेजकाला झाडाचे नाव लावून काम होत नाही. डीएमएए हे उत्तेजक द्रव्य जिरेनियम या वनस्पतीत असते असा दावा करून विकले जात होते. एफडीएने तो मानला नाही आणि २०१२ मध्ये कंपन्यांना इशारापत्रे पाठवली.

एफेड्राचा प्रश्न तर कायमचा मिटला आहे. चिनी वैद्यकात माहुआंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झुडपातले एफेड्रिन हृदयाची गती वाढवते, रक्तवाहिन्या आकसवते आणि रक्तदाब चढवते. कॅफिनची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. फेब्रुवारी २००३ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा २३ वर्षांचा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) स्टीव्ह बेकलर सराव शिबिरात उष्माघाताने गेला. त्या मृत्यूत एफेड्राचाही वाटा होता, असे वैद्यकीय परीक्षकांनी सांगितले. एफेड्रिन वर्गातली अल्कलॉइड (वनस्पतीतली नैसर्गिक रसायने) असलेल्या सप्लिमेंटवर बंदी घालणारा नियम ११ फेब्रुवारी २००४ रोजी प्रसिद्ध झाला आणि १२ एप्रिलपासून लागू झाला. एका कंपनीने कमी मात्रेसाठी तो कोर्टात आव्हानित केला, पण २००६ मध्ये अपील न्यायालयाने बंदी कायम ठेवली. म्हणून या घटकासाठी पूर्वसूचनेची फाइल तयार करण्यात वेळ आणि पैसा घालवू नये.

फाइलमध्ये काय हवे

उत्पादक किंवा वितरकाचे नाव व पूर्ण पत्ता. घटकाचे नाव, आणि वनस्पती असेल तर तिचे लॅटिन द्विनाम, ते ठरवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नावासह. उत्पादनाचे वर्णन, त्यात घटकाची मात्रा आणि लेबलवर सांगितलेली वापराची पद्धत. सुरक्षिततेचा पुरावा. ज्या प्रकाशित संशोधनाचा आधार घेतला त्याच्या प्रती, आणि ते इंग्रजीत नसेल तर इंग्रजी भाषांतर. शेवटी अधिकृत व्यक्तीची सही. पूर्वसूचना एफडीएच्या ऑनलाइन पोर्टलवरून देता येते. त्याला शुल्क नाही.

फाइल तरते किंवा बुडते ती सुरक्षिततेच्या पुराव्यावर, म्हणून सगळा जोर तिथे लावा. 'परंपरेने वापरात आहे' हे वाक्य उत्तेजकांच्या बाबतीत फार तोकडे पडते. काढा करून अधूनमधून प्यायलेली वनस्पती आणि तिचा घट्ट अर्क भरलेली, रोज घ्यायची कॅप्सूल यांत मात्रेचा, कालावधीचा आणि घेणाऱ्या माणसाचाही फरक असतो. पुरावा तुमच्या रूपाचा, तुमच्या मात्रेचा आणि तुमच्या मिश्रणाचा हवा.

समजा, कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम ग्वाराना अर्क आहे आणि त्यात २२ टक्के कॅफिन आहे. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ६६ मिलिग्रॅम. लेबल म्हणते, 'दोन कॅप्सूल, दिवसातून तीनदा'. झाले ३९६ मिलिग्रॅम. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनचा सहसा त्रास होत नाही, असे एफडीए सांगते. म्हणजे सकाळच्या पहिल्या कॉफीलाच मर्यादा ओलांडली जाते. हा हिशेब फाइलमध्ये स्वतःहून मांडा. दुकानातल्या लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' (कंपनीचे स्वतःचे मिश्रण) लिहून फक्त एकूण वजन दिले तरी कायद्याला चालते, ग्राहकाला मात्र आतले कॅफिन कळत नाही. ते आकडे लेबलवर द्यावेत, असे माझे ठाम मत आहे.

७५ दिवसांत काय होते

एफडीएला फाइल मिळाली तो दिवस नोंदणीचा. तेव्हापासून ७५ दिवस माल बाजारात आणता येत नाही. उत्तर चार प्रकारचे येऊ शकते : आक्षेप नाही, फाइल अपुरी आहे, सुरक्षिततेबद्दल शंका आहे, किंवा घटक या कायद्यातच बसत नाही. मधेच महत्त्वाची नवी माहिती जोडली, तर ७५ दिवस नव्याने मोजले जातात. त्यामुळे अर्धवट फाइल टाकून 'नंतर भर घालू' हा विचार महागात पडतो. ९० दिवसांनंतर, व्यापारी गुपिते वगळून, फाइल सर्वांना पाहायला खुली होते.

उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ घटक सुरक्षित ठरला असा होत नाही. नियमातच तसे लिहिले आहे. 'एफडीए मान्यताप्राप्त' असा शिक्का डब्यावर छापणे म्हणजे ग्राहकाची फसवणूक आहे.

बाकीची कागदपत्रे

कारखान्याची एफडीएकडे अन्न आस्थापना म्हणून नोंदणी लागते. ती सम वर्षांत, १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात नूतनीकरण करावी लागते. परदेशी कारखान्याला अमेरिकेत राहणारा एजंट नेमावा लागतो. उत्पादन पद्धतीचे नियमही लागू आहेत आणि प्रत्येक वनस्पती घटकाची ओळख चाचणीने पटवावी लागते. लेबलवर वनस्पतीचा कोणता भाग वापरला तेही हवे. 'ऊर्जा टिकवते' यासारखा दावा केला, तर विक्री सुरू झाल्यापासून ३० दिवसांत एफडीएला कळवावे लागते. आजार बरा करण्याचा दावा करताच येत नाही.

त्रास झाला तर

२००६ च्या कायद्यानुसार मृत्यू, जिवावरचे संकट, इस्पितळात भरती, कायमचे अपंगत्व किंवा जन्मजात दोष अशी गंभीर घटना कळली, की लेबलवर नाव असलेल्या कंपनीने कामकाजाच्या १५ दिवसांत, लेबलच्या प्रतीसह एफडीएला कळवायचे असते. नोंदी सहा वर्षे ठेवायच्या. ग्राहकाला आणि डॉक्टरांनाही एफडीएच्या 'मेडवॉच' यंत्रणेवर थेट तक्रार करता येते. छातीत धडधड, चक्कर किंवा रक्तदाब वाढलेला दिसला तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना डबा दाखवा, आणि सोबत कोणती औषधे चालू आहेत तेही सांगा. डबा फेकू नका. त्यावरचा लॉट क्रमांक, गोळी किती दिवस आणि किती घेतली याची टिपण आणि तपासण्यांचे कागद तक्रारीला जोडले, तर कोणत्या खेपेत दोष होता हे शोधणे एफडीएला सोपे जाते.