उन्हाने कोरडे पडणारे डोळे आणि शोग्रेनमुळे आटणारे डोळे

एप्रिल लागला की नागपुरात डोळे चुरचुरण्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचतो, दुपारची हवा पार कोरडी होते, आणि अशा दिवसांत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटले तर त्यात कुणालाच नवल वाटत नाही. अडचण नेमकी इथेच आहे. ज्या बाईच्या अश्रुग्रंथी तिच्याच शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा हळूहळू निकामी करत असते, तिचीही तक्रार अगदी याच शब्दांतली असते, आणि तिलाही ‘ऊन बाधलं असेल, गुलाबजल घाल’ असाच सल्ला मिळतो. (गुलाबजल निर्जंतुक नसते, ते कोणाच्याही डोळ्यांत घालू नये.)

बुबुळावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, त्यात पाणी, ते डोळ्याला धरून ठेवणारा श्लेष्म आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर पसरलेले तेल असते. उन्हाळ्यात, एसीच्या झोतात किंवा तासन्‌तास पापणी न लवता मोबाइल पाहताना हे पाणी लवकर उडून जाते, पण ते तयार करणाऱ्या ग्रंथी शाबूत असतात. शोग्रेन सिंड्रोममध्ये बिघाड मुळाशी असतो. रोगप्रतिकारक पेशी अश्रुग्रंथींत आणि लाळग्रंथींत शिरून तिथे दाह निर्माण करतात आणि पाणी तयार होणेच कमी होते. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात याचे सविस्तर वर्णन केले. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो, बहुधा चाळिशी-पन्नाशीत लक्षात येतो, आणि पुष्कळदा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांचा दाह) किंवा ल्युपस या रोगप्रतिकारक यंत्रणेच्याच बिघाडाच्या आजारांसोबत येतो.

डोळ्यांतल्या जळजळीवरून हे दोन कोरडेपणा वेगळे ओळखता येत नाहीत. माझ्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न ऋतूचा आहे. जून संपता संपता पाऊस स्थिरावतो, हवेत ओल येते आणि उन्हामुळे झालेला त्रास ओसरू लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांतही डोळ्यांत रोज खुपतच असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर दोष उन्हावर टाकून थांबू नये. दुसरा प्रश्न स्वयंपाकघरातला आहे. हवेने कोरडे पडलेले डोळे कांदा चिरताना भरपूर पाणी गाळतात, किंबहुना वारा लागला तरी वाहू लागतात, कारण जळजळ झाली की ग्रंथी जास्तीचे पाणी सोडतात. शोग्रेन वाढलेल्या रुग्णाला मात्र कांदा चिरताना, कधी कधी रडतानाही, पाणी येत नाही. तिसरा प्रश्न तोंडाचा, आणि तोच बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो: भाकरीचा कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरतो का, रात्री तोंड सुकून जाग येते का, दात अलीकडे भराभर किडू लागले आहेत का? सोबत सांधे दुखत असतील, सकाळी बोटे आखडत असतील, कानापुढची लाळग्रंथी सुजत असेल किंवा सततचा थकवा असेल, तर नेत्रतज्ज्ञांसमोर तेही आवर्जून सांगावे. रजोनिवृत्ती आणि सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या यांनीही कोरडेपणा येतो, म्हणून चालू औषधांची यादी बरोबर न्यावी.

तपासणी अवघड नाही. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटे ठेवतात. ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणी खरोखर कमी आहे असे समजतात. रक्तात अँटी-रो प्रतिपिंडे, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली प्रथिने, पाहतात. ती काही रुग्णांत सापडत नाहीत. अशा वेळी ओठाच्या आतील बारीक लाळग्रंथींचा तुकडा तपासावा लागतो. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांमध्ये नेत्रविभागापासून सुरुवात करता येते.

घरातल्या सवयी दोन्हीकडे सारख्याच उपयोगी पडतात. एसी हवेतली ओल काढून घेतो, तर कूलर ओल घालतो. म्हणून अशा डोळ्यांना कूलर अधिक सोसतो, फक्त झोत तोंडावर येऊ देऊ नये आणि टाकीतले पाणी बदलत राहावे. दुचाकीवर बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा. उन्हाच्या त्रासाला एवढे आणि गरजेपुरते कृत्रिम अश्रू, म्हणजे डोळे ओले ठेवणारे थेंब, सहसा पुरतात. शोग्रेनमध्ये थेंब दिवसातून अनेक वेळा आणि वर्षानुवर्षे घालावे लागतात, त्यामुळे ते प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारे रसायन) नसलेलेच असावेत, कारण वारंवार गेलेले प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःच बुबुळाला इजा करते. झोपताना जेल लावता येते. डॉक्टर दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, पण त्यांचा गुण यायला आठवडे, कधी महिने लागतात, आणि सुरुवातीच्या आगीला कंटाळून अनेकजण ते मध्येच सोडतात. हे पाहून फार वाईट वाटते. असलेले पाणी टिकवण्यासाठी पापणीच्या कोपऱ्यातील निचऱ्याची छिद्रे बारीक बुचांनी बंद करण्याचाही उपाय आहे.

स्टेरॉइडचे थेंब मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत. त्यांनी चटकन बरे वाटते, पण देखरेखीशिवाय चालू ठेवल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्या व्यक्तीचा डोळा गडद लाल होऊन आतून ठणकू लागला, झोपेतून जाग आणू लागला, उजेड सहन होईना किंवा दिसणे कमी झाले, तर तो डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाचा किंवा आतील भागाचा दाह असू शकतो. त्या दिवशी थेंब घालून वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.