हँडिकॅप पूल स्पर्धा

अमेरिकेतल्या बारमध्ये आणि पूल हॉलमध्ये आठवड्याच्या एका ठरलेल्या संध्याकाळी भरणारी, नवख्यापासून मुरलेल्यापर्यंत सर्वांना एकाच ड्रॉमध्ये खेळवणारी पूलची छोटी स्पर्धा. पूल म्हणजे टेबलावरचा पांढरा चेंडू काठीने मारून नंबरचे चेंडू कडेच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ. सामना जिंकायला सरस खेळाडूला जास्त डाव घ्यावे लागतात, कच्च्याला कमी. या फरकालाच हँडिकॅप म्हणतात. आपल्याकडे गल्लीतल्या खेळात लहानग्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून घेतात, तसा हा प्रकार नाही. लिंबूटिंबू बाद झाला तरी खेळत राहतो, कारण त्याचे खेळणे हिशेबात धरलेलेच नसते. हँडिकॅप मिळालेला खेळाडू हरला की हरला, आणि जिंकला तर बक्षीस त्याचेच.

बक्षिसाची रक्कम मुख्यतः प्रवेश शुल्कातून जमते, काही ठिकाणी हॉलचा मालक तीत भर घालतो. सगळ्यांना सारखेच डाव ठेवले तर तेच दोघे-तिघे दर आठवड्याला पैसे नेतात आणि बाकीचे हळूहळू यायचे बंद होतात. मग त्या दोघा-तिघांनाही खेळायला कोणी उरत नाही.

किती सवलत द्यायची, हा यातला खरा प्रश्न. समजा, एक खेळाडू दुसऱ्याविरुद्ध तीन डावांपैकी सरासरी दोन जिंकतो. एकाच डावाचा सामना ठेवला तर कच्च्याला जिंकायची संधी 33 टक्के. आधी पाच डाव घेणारा विजयी असे ठरवले तर ती साडेचौदा टक्क्यांवर येते, कारण सामना लांबला की नशिबाचा भाग आटतो. सरसाला पाच आणि कच्च्याला तीन डाव ठेवले तर कच्च्याची संधी 43 टक्के होते; चार आणि दोन ठेवले तर 54. पहिल्या बेतात कसबाला थोडे झुकते माप राहते, दुसऱ्यात पारडे कच्च्याकडे किंचित कलते. पहिलाच बेत बरा म्हणायला हवा. सराव करून वर आलेल्या माणसाला त्या सरावाचे काहीतरी मिळालेच पाहिजे.

ही पद्धत सर्वदूर नेण्यात अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशनचा वाटा मोठा आहे. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या व्यावसायिक खेळाडूंनी 1979 मध्ये सुरू केलेल्या लीगमधून ही संस्था उभी राहिली. तिच्या एट-बॉल या पूलच्या प्रकारात खेळाडूंच्या पातळ्या 2 ते 7 असतात. 7 विरुद्ध 2 या सामन्यात एकाला सात डाव लागतात, दुसऱ्याला दोनच. नाइन-बॉल या दुसऱ्या प्रकारात ती गुण मोजते: नऊ नंबरच्या चेंडूचे दोन, बाकी प्रत्येकाचा एक. सर्वांत खालच्या पातळीला 14 गुण पुरतात, सर्वांत वरच्या पातळीला 75 लागतात.

डावांच्या संख्येऐवजी डावातच सवलत देण्याची रीतही जुनी आहे. एरवीच्या नाइन-बॉलमध्ये नऊ नंबरचा चेंडू घालणारा डाव जिंकतो; ‘आठ दिला’ म्हणजे कच्च्या खेळाडूने आठ नंबरचा चेंडू घातला तरी डाव त्याचा. तो कसाही पडला तरी चालतो, की कोणत्या पॉकेटात घालणार ते आधी सांगावे लागते, हे खेळण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. वाद बहुधा इथेच होतात. कधी नुसता प्रत्येक डावाचा ब्रेक, म्हणजे पहिला फटका, दिला जातो, पण नवख्याला त्याचा फारसा उपयोग नसतो: त्याने रॅक (मांडून ठेवलेले चेंडू) फोडायचा आणि पसरलेले चेंडू समोरच्याने गोळा करायचे.

अलीकडे अनेक ठिकाणी फार्गोरेट वापरतात. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराच्या नावाची ही गुणांकन पद्धत माइक पेज यांनी विकसित केली. दोघांत 100 गुणांचे अंतर असेल तर वरचा खेळाडू सरासरीने दोनास एक या प्रमाणात डाव जिंकतो. मात्र गुणांकन पक्के मानायला 200 डावांची नोंद लागते. तोवर नव्या माणसाचा अंदाज स्पर्धा चालवणाऱ्यालाच बांधावा लागतो.

या साऱ्याला पोखरणारी गोष्ट म्हणजे सँडबॅगिंग, अर्थात पातळी खाली राहावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणे. जिथे ‘कलकत्ता’ चालतो तिथे हा मोह आणखी वाढतो. कलकत्ता म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंवर बोली लावून वेगळा निधी जमवणे आणि जिंकणारा खेळाडू ज्याने बोलीत घेतला त्याला त्यातून पैसे देणे. हे नाव ब्रिटिश अमदानीतल्या कलकत्त्यावरून पडले. सँडबॅगिंग आकड्यांत सहज सापडत नाही. ते ओळखायला सोपा चेंडू चुकल्यावर पांढरा चेंडू कुठे जाऊन थांबला, हे पाहणारा जाणता डोळा लागतो. नेमका प्रतिस्पर्ध्याच्या अडचणीच्या जागी तो वारंवार थांबत असेल, तर ती चूक नव्हे. म्हणून अनोळखी खेळाडूला आधी वरची पातळी देऊन मग खाली आणणे बरे पडते. उलट केले तर पहिल्याच रात्री तो बक्षीस घेऊन जातो आणि नेहमीचे लोक दुखावतात.

वेळेचे गणितही चुकवता येत नाही. सोळा खेळाडूंची एका पराभवात बाद होणारी स्पर्धा 15 सामन्यांत संपते. दोन पराभवांची मुभा दिली की 30 किंवा 31 सामने होतात. चार टेबले आणि सामन्याला 40 मिनिटे धरली, तर 31 सामन्यांना किमान पाच तास लागतात. शेवटच्या फेऱ्यांत एकेका टेबलावरच खेळ चालतो, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असलेल्या माणसांना हे झेपत नाही. त्यामुळे एकदा हरलेल्यांच्या बाजूचे सामने आखूड ठेवतात आणि हँडिकॅपचा तक्ताही त्या आखूड सामन्यांसाठी वेगळा करावा लागतो.