विट्याचं सूत आणि चीनची बदललेली गरज

सांगली जिल्ह्यातल्या विट्यातला यंत्रमागधारक सुताचा भाव वाढला की कापसाकडे बोट दाखवतो. 2013 च्या सुमाराला मात्र त्या भावामागे कापसाइतकंच चीनचं धोरण होतं. पुढे भाव उतरले तेव्हा ‘चीनमध्ये मंदी आली’ असं सगळीकडे म्हटलं गेलं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे.

डिसेंबर 2001 मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्याचा कापडधंदा झपाट्याने वाढला. आपला कापूस तिकडे जाऊ लागला. दशक संपता संपता तिथली घडी बदलली. मजुरी वाढली आणि 2012 पासून कमावत्या वयाच्या लोकांची संख्या घटू लागली. सरकारलाही गुंतवणूक आणि निर्यातीऐवजी घरगुती खप आणि सेवाक्षेत्रावर भर हवा होता. अशा देशात सूतकताई फार काळ स्वस्त राहत नाही.

त्यातच 2011 मध्ये चीन सरकारने आपल्या शेतकऱ्यांचा कापूस टनाला 19,800 युआन दराने साठ्यासाठी घ्यायला सुरुवात केली. जागतिक भाव कोसळले, तरी चीनमधला कापूस महागच राहिला. बाहेरून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणायची तर कोटा, म्हणजे आयातीची मर्यादा, आडवा येई, सुताला मात्र कोटा नव्हता. मग तिथल्या विणकराने रुईऐवजी तयार सूतच मागवलं. 2013 मध्ये चीनने सुमारे 20 लाख टन सूती सूत आयात केलं. भारतातल्या गिरण्यांनी सूत कातणाऱ्या चात्या वाढवल्या, त्यासाठी कर्जंही काढली.

विट्यात मात्र याची दुसरी बाजू दिसते. इथला मागवाला सूत विकत घेतो. निर्यात वाढली की त्याला महाग सूत घ्यावं लागतं, पण कापडाचा भाव व्यापारी तितका वाढवून देत नाही. म्हणूनच निर्यात रोखा ही मागणी जुनी आहे. 2010-11 साठी केंद्राने सूत निर्यातीवर 72 कोटी किलोची मर्यादा घातली, तीही याच ओढाताणीतून. गिरणी आणि माग यांचं हित एकाच वेळी जपणं अवघड आहे, हे उघड मान्य करायला हवं.

2014 मध्ये चीनने साठ्यासाठीची ती खरेदी थांबवली आणि रुईची आयात आक्रसली. पण 2015 मध्येही चीन 20 लाख टनांहून जास्त सूत बाहेरून घेत होता. फरक पडला तो विकणाऱ्यांत. चिनी गिरणीमालकांनी व्हिएतनाममध्ये गिरण्या उभारल्या होत्या. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी चीनने केलेल्या करारामुळे व्हिएतनामचं सूत चीनमध्ये शुल्काविना जातं, आपल्या सुताला शुल्क भरावं लागतं. सुतातला नफा इतका बारीक की तेवढ्या फरकावर सौदा हातचा जातो. साठ्याचं धोरण आलं आणि गेलं, पण कताई चीनबाहेर सरकली ती सरकलीच.

पुढे भारतीय सुताचा मोठा ग्राहक बांगलादेश झाला. एप्रिल 2025 मध्ये त्याने जमिनीवरच्या बंदरांतून भारतीय सुताची आयात बंद केली, त्यामुळे सीमेवरून ट्रकने जाणाऱ्या सुताला समुद्रमार्ग धरावा लागला.