बाराखडी पाठ, तरी वाचन का अडतं?

मूल पहिलीत गेलं की आमच्या सातारा भागात घरची मोठी माणसं आधी विचारतात, "बाराखडी येती का रं?" मूल 'क का कि की' सुरात म्हणून दाखवतं, सगळ्यांना बरं वाटतं. मग पानावरच्या नुसत्या 'कौ'वर बोट ठेवावं. पुष्कळ मुलं 'क'पासून मनात म्हणत तिथवर येतात. चाल पाठ असते, अक्षराची ओळख झालेली नसते. याचं खापर मुलाच्या डोक्यावर फुटताना मी फार वेळा पाहिलंय. खरी अडचण शिकवण्याच्या क्रमात आहे.

वर्णमाला उच्चारस्थानांवरून लागलेली आहे: क-वर्ग कंठातला, च-वर्ग टाळूचा, प-वर्ग ओठांचा. ध्वनींची इतकी नेटकी मांडणी क्वचितच सापडेल. पण वाचायला बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला तिचा काय उपयोग? फारसे न लागणारे ङ आणि ञ पहिल्या दहा व्यंजनांत, आणि पदोपदी लागणारा 'ल' पार शेवटाकडे. जुन्या काळी पंतोजी अक्षरओळखीच्या आरंभाला 'ओनामा' म्हणवून घेत आणि धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायला लावत. आकारांच्या सारखेपणावरून 'ग म भ न' हा क्रमही रुळला. हाताला वळण लागायला तो चांगलाच, पण 'गमभन' वाचून अर्थ काही लागत नाही. त्यात लिपीचे स्वतःचे पेच. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची, उच्चारायची मात्र नंतर. 'र' तर सूर्य, चक्र, ट्रक आणि वऱ्हाड या चार शब्दांत चार रूपं घेतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा बहुजनांचं मूल शाळेत येणं हाच मोठा प्रश्न होता. आलेलं मूल वाचायला कसं लागतं, याचा बारकाईने विचार जिल्ह्यात पुढे फलटणला झाला. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन १९६६ मध्ये तिथे आल्या. फलटणच्या मराठीत समाजागणिक काय फरक पडतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यामुळे 'पानी' लिहिणारं मूल चुकत नाही, घरी जे ऐकतं तेच इमानाने लिहितं, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली, १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली.

तिथल्या वाचनपद्धतीचं सूत्र सोपं आहे. सगळी मुळाक्षरं संपायची वाट पाहायची नाही. आधी शब्दातले आवाज कानाने ओळखायचे, मग थोडी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला लगेच एखादी स्वरखूण. समजा, म, क, र आणि काना एवढंच शिकवलं, तरी 'मामा, काम करा' हे अख्खं वाक्य मूल स्वतः वाचतं. पहिल्यांदा ते जमतं तेव्हा मूल पुस्तकातून मान वर करून आपल्याकडे बघतं. तो चेहरा बाराखडी म्हणताना कधी दिसत नाही.

पुढे सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटात, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी वर्गाची फरशीच फळा केली. मुलं खाली बसून, शब्द जुळवत, एकमेकांना विचारत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला येत. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, यासाठी त्यात २०२६-२७ ची मुदत घातलेली आहे.