‘थकलेल्या ग्रंथीं’चं प्रकरण : ताण, कॉर्टिसॉल आणि वजन

वजन उतरत नाही म्हटलं की हल्ली दोन उत्तरं मिळतात. ‘कॉर्टिसॉल वाढलंय’ आणि ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात’. कॉर्टिसॉल म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, आणि ते बनवतात मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. कधी दोन्ही उत्तरं एकाच माणसाला सांगितली जातात. पहिलं खरं असेल तर ग्रंथी जास्त काम करते, दुसरं खरं असेल तर कमी.

जुना इतिहास थोडक्यात. गोल चेहरा, सुटलेलं पोट आणि बारीक हातपाय, असा कॉर्टिसॉल वाढल्याचा नमुना, म्हणजे कुशिंग सिंड्रोम, 1912 मध्ये नोंदवला गेला. 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे तीन टप्पे मांडले गेले. शेवटच्याला ‘थकवा’ म्हटलं. 1948 पासून कॉर्टिसॉलसारखं काम करणारं स्टेरॉइड औषध म्हणून आलं, आणि नुसत्या गोळ्यांनीही चेहरा व पोट तसंच फुगतं हे दिसलं.

1998 साली अमेरिकेत ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ हा शब्द निघाला तो त्या तिसऱ्या टप्प्याच्या आधारावर. सततच्या ताणाने ग्रंथी दमते, म्हणून मरगळ येते, गोड खावंसं वाटतं, वजन वाढतं, अशी मांडणी होती. 2016 मध्ये 58 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तिला आधार सापडला नाही. खरं तर एवढ्या शोधाचीही गरज नव्हती. ग्रंथी खरोखर निकामी होते तेव्हा वजन घटतं, बीपी उतरतं, बऱ्याचदा कातडी काळवंडते. आपल्याकडे त्यामागे टीबीही असू शकतो. अशा रुग्णाचं सकाळी 8 चं कॉर्टिसॉल बहुधा 3 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असतं. पोट सुटलेल्या माणसाला हे लेबल लावणं म्हणजे उलटा नकाशा हातात देणं.

एक अपवाद मात्र आहे, आणि तोच सर्वांत जास्त निसटतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिनोन्‌महिने त्या घेणाऱ्याचा चेहरा गोल होतो, वजन वाढतं, पण तपासणीत कॉर्टिसॉल कमी येतं, कारण बाहेरून माल येतोय म्हणून ग्रंथीने काम थांबवलेलं असतं. अशा वेळी पुडी एकदम बंद केली तर बीपी कोसळून जीव धोक्यात येतो. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा.

लॅबच्या तपासणी-पॅकेजमधल्या कॉर्टिसॉलच्या एका रीडिंगवरून मात्र काहीच ठरत नाही. कॉर्टिसॉल जागं झाल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला. सकाळी 8 ऐवजी 11 ला रक्त दिलं की आकडा आपसूकच उतरतो. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात रात्रपाळी करून सकाळी 7 ला सुटणाऱ्याचं तर घड्याळच सरकलेलं असतं. कॉर्टिसॉल जास्त असल्याची शंका खरी असेल तर रात्री 11 ते 12 दरम्यान 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घ्यायचं (त्याने निरोगी ग्रंथी काम थांबवते) आणि दुसऱ्या सकाळी 8 ते 9 ला रक्त द्यायचं. कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर कुशिंग जवळजवळ निकालात निघतो. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वर जातो, म्हणून त्या आधी सहा आठवडे बंद ठेवाव्या लागतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन डेक्सामेथासोन लवकर संपवतात. तेव्हाही तसंच होतं.

मग ताणाने वजन वाढतच नाही का? वाढतं, पण ग्रंथी दमून नव्हे. पोटातल्या चरबीत निष्क्रिय कॉर्टिसोनचं पुन्हा कॉर्टिसॉल करणारं एन्झाइम असतं. रक्तातला आकडा ठीक दिसला तरी तिथला वाढलेला असू शकतो. दुसरी वाट झोपेतून जाते. 2004 मध्ये 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत तृप्तीचं लेप्टिन 18 टक्के उतरलं, भुकेचं घ्रेलिन 28 टक्के चढलं. मे महिन्यात रात्री लाइट जाऊन कूलर बंद पडतो, तेव्हा घरोघरी थोडाफार हाच प्रयोग चालतो. 2017 मध्ये इंग्लंडमधल्या अडीच हजारांहून अधिक प्रौढांच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळाजवळचे 2-3 सेंटिमीटर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देतात. ज्यांचं प्रमाण जास्त त्यांचं वजन आणि कंबरही जास्त निघाली. आधी काय झालं, ताण की लठ्ठपणा, हे त्यातून कळत नाही.

केसांची ही तपासणी नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही. कंबर मोजायला टेप मात्र घरात असतो. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून मोजायचं. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर.