इंटरनेट गेले म्हणून व्हॅक्यूम पंप बंद पडतो का?

छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत व्हॅक्यूम पंपावर (बंद जागेतली हवा ओढून काढणाऱ्या पंपावर) वेबद्वारे देखरेख बसवण्याचा विषय निघाला, की ‘नेट गेले की पंप बंद’ ही समजूत हटकून पुढे येते. ती बहुतांशी चुकीची आहे. पंप चालू-बंद करणे, झडपा उघडणे आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास यंत्र थांबवणे ही कामे सामान्यतः यंत्राशेजारच्या पॅनलमधील पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, करतो. वेबपान त्याच्याकडून दाब, तापमान, विद्युतप्रवाह यांचे आकडे घेते आणि परवानगी असल्यास नवी मर्यादा पाठवते. जोडणी तुटल्यावर शेवटच्या मर्यादेवर काम चालू ठेवायचे की ठरावीक वेळेनंतर सुरक्षितपणे थांबायचे, हे पीएलसीच्या प्रोग्राममध्ये आधीच ठरवता येते. (ते ठरवलेच नसेल, तर दोष इंटरनेटचा नव्हे.)

या समजुतीचे एक कारण भारनियमनात असावे: वीज जाताच पंप आणि राउटर एकदमच बंद पडतात, आणि दूर बसलेल्याला फक्त स्क्रीन गोठलेली दिसते. पीएलसी व राउटर यूपीएसवर ठेवल्यास वीज गेली आहे की नेट, हे लगेच कळते.

खरी काळजी वेगळीच आहे. नियंत्रणाचे पान व्हीपीएनशिवाय (म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीशिवाय) उघड्या इंटरनेटवर ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय दुरुस्ती चालू असताना दुरून पंप सुरू होऊ नये म्हणून पॅनलवरील स्विच ‘लोकल’वर (फक्त जागेवरून चालवण्याच्या स्थितीत) ठेवून मुख्य वीजपुरवठ्याला कुलूप लावणे आवश्यक आहे.