ब्लॅकबेरीचा गुंता आणि एल्मपानी जात

युरोपातल्या रानब्लॅकबेरी या काटेरी झुडपाला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली ‘रुबस फ्रुटिकोसस’ हे नाव दिलं, पण एका नावात ती काही मावेना. एका बांधावरची जाळी पुढच्या बांधावरच्या जाळीशी जुळत नसे. कुठे पानांची ठेवण निराळी, कुठे काट्यांची, कुठे फुलांचा रंगच वेगळा. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी अशा फरकांना नावं देण्याचा सपाटा लावला. एकट्या ब्रिटनमध्ये आज तीनशेहून अधिक जाती धरतात, आणि त्यांच्या अभ्यासाला ‘बॅटॉलॉजी’ असं खास नावही आहे.

या गोंधळाचं मूळ बियांत होतं. बहुतेक ब्लॅकबेरींत गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असतात. फुलावर पराग पडावा लागतो, पण बियांमधला गर्भ बऱ्याचदा आईच्याच पेशींतून, फलनाशिवाय तयार होतो. अधूनमधून संकर झाला, की त्या संकराच्याही हुबेहूब प्रती निघत राहतात. स्वीडनचे संशोधक ओके गुस्टाफसन यांनी १९४३ साली हे सविस्तर मांडलं.

या गर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘रुबस उल्मिफोलियस’, म्हणजे एल्म या झाडासारख्या पानांची ब्लॅकबेरी. वनस्पतिशास्त्रज्ञ शॉट यांनी १८१८ साली तिचं वर्णन केलं. तिच्यात गुणसूत्रांचे दोनच संच, एकूण १४, आणि बी रीतसर फलनातून धरतं. पश्चिम आणि दक्षिण युरोपात, तसंच उत्तर आफ्रिकेत ती रानोमाळ वाढते. पान उलटून पाहिलं की खालून पांढरी, दाट लव दिसते. जांभळट फांदीवर पांढुरकी भुकटी असते, ती अंगठ्याने पुसली जाते. पाकळ्या बहुधा गुलाबी. कमानीसारखी वाकलेली फांदी जमिनीला टेकली, की टोकाला मुळं फुटतात आणि जाळी आणखी पसरते. फळ तुतीसारखं दिसतं खरं, पण झाड गुलाबाच्या कुळातलं.

तिचाच एक बिनकाट्यांचा प्रकार इंग्लंडच्या जॉन इनिस या संशोधन संस्थेत क्रेन आणि डार्लिंग्टन या शास्त्रज्ञांनी संकरासाठी वापरला. पहिल्या पिढीच्या संकरांत काटे पुन्हा दिसले, पुढच्या पिढीत मात्र बिनकाट्यांची रोपं निघाली. त्यांतूनच पुढे ‘मर्टन थॉर्नलेस’ ही बागायती जात आली, आणि आज बागांत लावल्या जाणाऱ्या बऱ्याच बिनकाट्यांच्या वाणांत हाच गुण उतरला आहे.